रानपिंगळ्याचे नाव आणि गाव

दिवेलागणीच्या सुमारास अंगणातील निंबावर पिंगळ्याने चिरचिर मांडली की, आमच्याकडील कित्येक घरांतून वडीलधाऱ्या बायका हातातले काम टाकून बाहेर येतात आणि त्यास उडवून लावतात. पिंगळा घरावर बोलला म्हणजे घरात काहीतरी अशुभ घडावयाचे, ही समजूत फार जुनी आहे. यात मौजेची गोष्ट अशी की, ज्या पाखराच्या बोलण्यास आपण इतके भितो, त्याचेच नाव धारण करून भल्या पहाटे दारी येणाऱ्या पिंगळ्यास मात्र आपण सूपभर धान्य घालतो आणि वर त्याच्याकडून घराचे भविष्यही ऐकून घेतो. माणूस पिंगळा शुभ आणि पक्षी पिंगळा अशुभ, हा भेद कोणी व केव्हा केला हे शोधण्याच्या भरीस आम्ही पडत नाही. आज आम्हांस सांगावयाची आहे ती हकीकत या अंगणातल्या पिंगळ्याची नसून त्याच्या एका रानटी भाऊबंदाची आहे.

हा भाऊबंद कोणाच्या घरावर बसत नाही. सकाळच्या कोवळ्या उन्हात, पानगळ झालेल्या एखाद्या उंच झाडाच्या शेंड्यावर तो उघडपणे बसलेला असतो आणि दिवसाढवळ्या शिकार करतो. त्यास रानपिंगळा म्हणतात. सातपुड्याच्या पायथ्याचे सागाचे विरळ रान हे त्याचे घर. शहादे-तळोद्याकडील डोंगरपट्टीत गुरे चारणाऱ्या भिल्ल व पावरा पोरांच्या तो कितीदा तरी दृष्टीस पडला असला पाहिजे. परंतु विद्वानांच्या जगात मात्र त्याचे नाव जवळजवळ मृतांच्या यादीत गेले होते. एकशे तेरा वर्षे तो कोणास सापडला नाही, आणि जो सापडला म्हणून सांगितले गेले तो खोटा निघाला. त्याच्या नावाचा वाद तर त्याहूनही लांबला. तो २०१८ पर्यंत चालूच होता. प्राण्याची जात ठरवणे आणि ती जात कोठे कोठे वसते हे ठरवणे, ही प्राणिशास्त्राची दोन मूळ कामे. नाव आणि गाव. या एका वीतभर पाखराच्या बाबतीत ती दोन्ही कशी चुकली व कशी सुधारली गेली, हे खानदेशातील वाचकांस ठाऊक असावे असे आम्हांस वाटते; कारण या कथेचा शेवट आपल्याच जिल्ह्यांत घडला आहे.

डिसेंबर १८७२ मध्ये एफ. आर. ब्लूइट नावाच्या एका इंग्रज अधिकाऱ्याने आजच्या छत्तीसगडातील बसना गावाच्या बाजूस हा पक्षी प्रथम मिळवला व त्याचे कातडे ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांजकडे पाठवले. ह्यूमसाहेबांचे नाव आपल्या वाचकांस राष्ट्रसभेचे एक संस्थापक म्हणून चांगलेच परिचयाचे आहे. परंतु १८८५ च्या डिसेंबरात मुंबईस गोकुळदास तेजपाल पाठशाळेत राष्ट्रसभेची पहिली बैठक भरवण्यापूर्वी या गृहस्थाने हिंदुस्थानातील पक्ष्यांच्या अभ्यासात जे काम केले, ते फारच थोड्यांस ठाऊक असते. 'स्ट्रे फेदर्स' नावाचे केवळ पक्षिविषयक नियतकालिक त्यांनी स्वतः चालवले, देशाच्या कानाकोपऱ्यातील अधिकाऱ्यांकडून नमुने मागवले आणि सिमल्याच्या आपल्या बंगल्यात प्रचंड संग्रह उभा केला. पुढे त्यांच्या हस्तलिखित टिपणांचे गठ्ठेच्या गठ्ठे एका नोकराने रद्दीच्या भावाने बाजारात विकून टाकले. त्या धक्क्यानंतर त्यांचे मन या विद्येतून उडाले व सुमारे ऐंशी हजार नमुन्यांचा तो संग्रह त्यांनी लंडनच्या पदार्थसंग्रहालयास देऊन टाकला. तेही १८८५ सालीच. एका नोकराच्या अविचाराने पक्षिशास्त्राचे केवढे नुकसान झाले आणि राष्ट्रसभेचा त्यात काही फायदा झाला काय, हा हिशेब वाचकांनी आपापल्या मनाशी करावा.

असो. ब्लूइटने पाठवलेला पक्षी पाहून ह्यूमनी १८७३ साली त्याचे वर्णन छापले व नाव ठेवले 'हेटेरोग्लॉक्स ब्लूइटी'. शास्त्रीय नाव ठेवण्याची रीत आपल्या नाव-आडनावासारखीच आहे, फक्त आडनाव अगोदर येते. पुढचा शब्द प्रजातीचा, म्हणजे जवळच्या नात्यातील अनेक जातींना मिळून असलेला, आणि मागचा त्या एका जातीचा. 'हेटेरोग्लॉक्स' या ग्रीक शब्दाचा अर्थ 'निराळे घुबड' असा होतो. म्हणजे ह्यूमच्या मते हे पाखरू कोणाच्याही गोत्रात बसत नव्हते. म्हणून त्यांनी त्यास स्वतंत्र गोत्रच काढून दिले, आणि त्या गोत्रात हे एकच घर!

हे निराळेपण कशात आहे ते येथेच सांगून टाकतो. अंगणातला पिंगळा व रानपिंगळा उंचीने साधारण सारखेच, आठ-नऊ इंचांचे. परंतु अंगणातल्या पिंगळ्याचा माथा व पाठ पांढऱ्या ठिपक्यांनी भरलेली असते, जणू काय तांदूळ उधळले आहेत. रानपिंगळ्याचा माथा जवळजवळ कोरा, करड्या-तपकिरी रंगाचा असतो. छातीवर गडद तपकिरी पट्टा, त्याखाली पोट स्वच्छ पांढरे. पंखांवर व शेपटीवर ठळक आडवे पट्टे. डोके मोठे, चोच जाड, आणि पाय तर त्याच्या देहाच्या मानाने फारच दणकट. पायांवर पांढरी पिसे असतात व नखे अशी की, स्वतःएवढा उंदीर उचलावा. आवाजातही फरक आहे. अंगणातला पिंगळा चिरकतो व भांडल्यासारखा कलकलाट करतो; रानपिंगळ्याची साद मृदू, घुमटदार व आखूड असते.

इतका फरक असूनही दुसऱ्या विद्वानांस ह्यूमचे म्हणणे पटले नाही. त्यांनी रानपिंगळ्याचे स्वतंत्र गोत्र मोडून त्यास 'अथेनी' या प्रजातीत घातले. याच प्रजातीत आपला अंगणातला पिंगळा आहे आणि युरोपातले ते लहानसे घुबडही आहे, जे ग्रीक लोक अथेना देवीचे, म्हणजे त्यांच्या विद्यादेवतेचे पाखरू मानीत. बंगाल्यात घुबड लक्ष्मीचे वाहन, ग्रीसमध्ये सरस्वतीच्या पंक्तीस, आणि आमच्याकडे मात्र 'हड'! ज्यांचे त्यांचे नशीब.

आता गावाकडे वळू. ब्लूइटनंतर व्हॅलेंटाइन बॉल या भूगर्भशास्त्रज्ञास दुसरा नमुना ओरिसातील खरियारच्या रानात मिळाला. म्हणजे हे पाखरू मध्य हिंदुस्थानाच्या पूर्व टोकाचे, असे कोणासही वाटले असते. परंतु १८८० नंतरच्या चार-पाच वर्षांत जेम्स डेव्हिडसन या मुलकी अधिकाऱ्याने खानदेशात, शहादे व तळोदे या बाजूस, एकामागून एक नमुने मिळवले. त्याने १८८२ साली 'स्ट्रे फेदर्स'मध्ये पश्चिम खानदेशातील पक्ष्यांची यादीही छापली. खानदेशाच्या पक्ष्यांवरचे ते पहिले मोठे काम म्हणावे लागेल. एकीकडे छत्तीसगड-ओरिसा आणि दुसरीकडे, शेकडो मैल पश्चिमेस, तापीखोऱ्याचा उत्तरकाठ, अशी या जातीची दोन घरे नकाशावर उभी राहिली. त्यानंतर सारे सामसूम झाले.

पेंढा भरलेले असे जेमतेम सात नमुने इंग्लंड-अमेरिकेच्या संग्रहालयांतून होते. पक्ष्याचे कातडे काढून, आत कापूस भरून, शिवून, पायास दोऱ्याने एक लहानशी चिठ्ठी बांधण्याची रीत असते. त्या चिठ्ठीवर दिनांक, ठिकाण व मिळवणाऱ्याचे नाव लिहिलेले असते. नमुन्याचा खरा प्राण ती चिठ्ठी होय. चिठ्ठी गेली तर उरते ते नुसते पिसांचे बाहुले. आणि चिठ्ठी खोटी निघाली तर बाहुले न उरता उलट भलत्या वाटेने नेणारा वाटाड्या होऊन बसते.

तसेच येथे झाले. या सातांपैकी एकावर चिठ्ठी होती ती १९१४ सालची, आणि ठिकाण लिहिले होते सुरतेच्या बाजूस तापीकाठी असलेले मांडवी. मिळवणारा कर्नल रिचर्ड माइनर्टझागेन. हा इंग्रज लष्करी अधिकारी आपल्या काळचा नावाजलेला पक्षितज्ज्ञ होता. लढाया, हेरगिरी, प्रवास, शिकार यांच्या त्याच्या गोष्टी मोठ्या रसाने सांगितल्या जात. सुमारे वीस हजार पक्ष्यांचा त्याचा संग्रह १९५४ साली लंडनच्या संग्रहालयास मिळाला. अशा माणसाच्या चिठ्ठीवर संशय कोण घेणार? त्यामुळे पुस्तकांतून लिहिले गेले की, रानपिंगळा शेवटचा १९१४ साली मांडवीस दिसला. त्यास शोधू पाहणारे मांडवीकडे गेले, तेथे रानोमाळ हिंडले आणि रिकाम्या हाताने परत आले. डॉ. सालिम अली व अमेरिकन पक्षितज्ज्ञ डिलन रिप्ली यांसारख्या थोर अभ्यासकांचा शोधही व्यर्थ गेला. अधूनमधून कोणी पाहिल्याची बातमी यावी आणि तपासाअंती तो अंगणातलाच पिंगळा निघावा, असे चालले होते. जे घर त्याचे कधी नव्हतेच त्या घराच्या दारावर लोक थापा मारीत होते, आणि पलीकडे शहाद्याच्या रानात तो उन्हात बसून सरडे खात होता.

माइनर्टझागेनविषयी कुजबूज मात्र जुनीच होती. १९१९ साली परवानगीवाचून नमुने बाहेर नेल्याबद्दल त्यास संग्रहालयाच्या पक्षिविभागात काही काळ बंदी केलेली होती. पण मोठ्या माणसाच्या दोषांवर पांघरूण घालण्याची चाल काही आपल्याच समाजाची मिरास नाही. इंग्लंडातही ती आहे. १९९३ साली ॲलन नॉक्स यांनी त्याच्या संग्रहातील काही लहान पाखरांच्या चिठ्ठ्या खोट्या असल्याचे उघडपणे दाखवून दिले. त्यानंतर दक्षिण आशियाच्या पक्ष्यांवर ग्रंथ लिहीत असलेल्या पामेला रासमुसेन या अमेरिकन विदुषीने त्याच्या नमुन्यांची झडती घेण्याचे काम हाती घेतले व इंग्लंडातील नायजेल कॉलर त्यांस मिळाले.

रानपिंगळ्याच्या त्या एका कातड्याची तपासणी एखाद्या गुन्ह्याच्या पंचनाम्यासारखी झाली. प्रत्येक संग्राहकाची पक्षी भरण्याची हातोटी निराळी असते. जसे एकाच पुरणाच्या करंज्या असल्या तरी मुरड पाहून कोणत्या सुनेने केली ते सासूस कळते, तसेच येथे टाके व भरण पाहून जाणत्यास कळते. मांडवीच्या म्हटलेल्या पक्ष्याचे क्ष-किरणांनी आतील भरण पाहण्यात आले. तेव्हा असे दिसले की, तो एकदा भरून झालेला नमुना उसवून पुन्हा नव्याने भरलेला आहे, आणि पहिल्या भरणाच्या ज्या खुणा आत राहून गेल्या आहेत त्या डेव्हिडसनच्या हाताच्या आहेत. अर्थ स्पष्ट होता. डेव्हिडसनने तीस वर्षांपूर्वी खानदेशात मारलेला पक्षी संग्रहालयातून लांबवून, सजवून, स्वतःच्या नावाची चिठ्ठी बांधून कर्नलसाहेबांनी आपला म्हणून मिरवला होता. मांडवी, १९१४ साल, सारेच बनावट. रासमुसेन व कॉलर यांनी हा सर्व पुरावा १९९९ साली प्रसिद्ध केला.

चोरी म्हणाल तर एका वाळक्या पाखराची. पण तिचा परिणाम पाहावा. एका खोट्या चिठ्ठीने एका जातीचे घर दुसरीकडे नेऊन ठेवले. शेवटचा खरा नमुना १८८४ सालचा ठरला. म्हणजे लोक जो खंड त्र्याऐंशी वर्षांचा समजत होते तो एकशे तेरा वर्षांचा निघाला. आणि दुसरी बाजू अशी की, खोटे बाजूस सारताच खरी चिठ्ठी आपोआप वर आली. मांडवी वगळा, मग उरतात ती छत्तीसगड-ओरिसाकडील ठिकाणे आणि आपले खानदेश.

१९९७ च्या नोव्हेंबरात पामेला रासमुसेन, बेन किंग व डेव्हिड ॲबट हे तिघे या खऱ्या चिठ्ठ्या उराशी धरून हिंदुस्थानात आले. प्रथम ती मंडळी पूर्वेकडील जुन्या ठिकाणी हिंडली. तेथे रानेच पुष्कळशी गेलेली होती व पक्षी काही मिळाला नाही. मग ती खानदेशात शहाद्यास आली. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी सकाळी सातपुड्याच्या पायथ्याच्या रानात बेन किंग यांची नजर एका निष्पर्ण झाडाकडे गेली. शेंड्यावर एक लहानसे घुबड बसले होते. माथा कोरा, पोट पांढरे, पाय जाड! संग्रहालयातील वाळली कातडी हाताळून ज्या बाईंनी त्या पक्ष्याची खूण न् खूण मनात साठवली होती, त्यांच्यासमोर तो जिवंत, ऊन खात बसलेला होता. छायाचित्रे व चलच्चित्रे घेण्यात आली आणि ती बातमी जगभर गेली.

आम्ही खानदेशकर या प्रसंगाकडे थोड्या संकोचाने पाहतो. सातासमुद्रापलीकडून तीन माणसे यावीत आणि आपल्या परसातील पाखरू आपणांस दाखवून जावे! शहाद्यास शाळा होत्या, वाचनालये होती, शिकलेली घरे होती. परंतु पायथ्याच्या पाड्यांतील माणसांस 'दिवसा उन्हात बसणारे घुबड तुम्ही पाहिले आहे काय?' हा प्रश्न आमच्यापैकी कोणी विचारला नव्हता. विचारले असते तर कदाचित कर्नलसाहेबांची चोरी कैक वर्षे अगोदर उघडकीस आली असती.

गावाच्या बाबतीत आणखी एक लहानशी गंमत सांगण्यासारखी आहे. डेव्हिडसनने पक्षी मारला तेव्हा शहादे अखंड खानदेश जिल्ह्यात होते. १९०६ साली जिल्ह्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग पडले, तेच पुढे जळगाव व धुळे झाले. पक्षी पुन्हा सापडला तेव्हा तो धुळे जिल्ह्याचा रहिवासी होता. आणि १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार निराळा निघाल्यामुळे, सापडून आठ महिने होण्याच्या आत, जागचा न हलता त्याचा जिल्हा बदलला. सरकारी दप्तरातला पत्ता बदलतो; पाखराचा पत्ता मात्र साग, सालई व धावडा यांच्या विरळ रानाचा, तो तोच राहतो.

पुनःशोधानंतर खरा अभ्यास सुरू झाला. मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीतर्फे फराह इश्तियाक व डॉ. असद रहमानी यांनी तोरणमाळच्या परिसरात त्याची दिनचर्या टिपली. त्यांच्या व पुढील अभ्यासकांच्या निरीक्षणांवरून कळते की, हा पक्षी मुख्यतः दिवसाचा आहे. सरडे, पाली व सापसुरळ्या हेच त्याचे मुख्य अन्न. त्याखालोखाल उंदीर, आणि मग टोळ, किडे, एखादा बेडूक, क्वचित लहान पाखरू. झाडाच्या नैसर्गिक ढोलीत मादी अंडी घालते, बहुधा दोन. कार्तिकापासून वैशाखापर्यंत विणीचा हंगाम चालतो, आणि मादी ढोलीत बसली असता नर तिला शिकार आणून देतो. इतक्या संसारी नराने प्रसंगी आपलीच पिले खाल्ल्याचीही नोंद या अभ्यासात आहे. निसर्गाच्या संसारात आपल्या संसारातील उपमा फार दूर नेऊ नयेत, हे आम्ही तेव्हापासून ध्यानात ठेवले आहे.

त्याच्या वसतीचा नकाशाही हळूहळू भरत गेला. आपल्या जळगाव जिल्ह्यातील यावल अभयारण्यात तो आढळला. पूर्वेस अमरावतीच्या मेळघाटात, आणि सातपुड्याच्या उत्तर अंगास मध्यप्रदेशातील बऱ्हाणपूर-खंडवा भागात आढळला. पुण्याच्या डॉ. प्राची मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी खंडवा भागात दीर्घकाळ काम केले. इतके झाल्यावर 'रानपिंगळा म्हणजे सातपुड्याचा' असे म्हणण्याची सवय पडत होती, तोच २०१४ साली तो मुंबईपासून फार दूर नसलेल्या तानसा अभयारण्यात सापडला. पुढे गुजरातेत डांगच्या रानातूनही त्याच्या नोंदी आल्या. म्हणजे त्याचे पाऊल सह्याद्रीच्या उत्तर टोकाशीही आहे. ज्याचे घर एका कोपऱ्यात आहे असे आपण म्हणतो, त्याचे पाहुणेरावळे कोठवर पसरले आहेत हे शोधल्याशिवाय कळत नाही.

उरला गोत्राचा वाद. पक्षी जिवंत सापडल्यावर काही विद्वानांनी ह्यूमचाच पक्ष पुन्हा उचलून धरला व त्यास 'हेटेरोग्लॉक्स' म्हणू लागले. दुसरे 'अथेनी'च म्हणत राहिले. दोन्ही पक्षांचे पुरावे बाह्य स्वरूपाचे होते. पिसे, हाडे, पाय, आवाज यांतील सारखेपणा किंवा फरक किती वजनाचा मानावा, हे शेवटी पाहणाऱ्याच्या मतावर राहते.

हा घोळ एकट्या रानपिंगळ्याच्याच वाट्यास आला असे नाही. ब्लूइटने पक्षी मारला त्याच १८७२ साली, पृथ्वीच्या दुसऱ्या अंगास, हिमेनेझ दे ला एस्पादा या स्पॅनिश शास्त्रज्ञाने दक्षिण अमेरिकेतील एका नव्या बेडकासाठी 'सेंट्रोलीन' ही प्रजाती स्थापली. काचबेडूक म्हणून ज्यांची प्रसिद्धी आहे त्यांच्यापैकी हा होय. मध्य व दक्षिण अमेरिकेच्या ओल्या रानांत ओढ्यांवरील पानांवर हे राहतात. यांपैकी पुष्कळांच्या पोटाचे कातडे इतके पारदर्शक असते की, आतले हृदय धडधडताना दिसावे. पोटातले सारे दिसते, तरी गोत्र दिसत नाही! काचबेडकांची वाटणीही शतकभर हाडे व रंग पाहून केली गेली, आणि २००९ साली जनुकांच्या आधारे सबंध कुलाची मांडणी नव्याने करावी लागली. बाहेरून वा आतून डोळ्यांस जे दिसते ते नात्याचा पुरता पुरावा नव्हे, हे त्यावरून दिसून आले.

रानपिंगळ्याच्या बाबतीत हे काम २०१८ साली आपल्याच देशातील अभ्यासकांनी केले. डॉ. पंकज कोपर्डे, डॉ. प्राची मेहता, डॉ. उमा रामकृष्णन, डॉ. व्ही. व्ही. रॉबिन व त्यांचे सहकारी यांनी रानपिंगळ्याचा डीएनए काढून इतर लहान घुबडांच्या डीएनएशी ताडून पाहिला. डीएनए म्हणजे पेशीपेशीत साठवलेली वंशावळच. तीत हातचलाखी करून चिठ्ठी बदलता येत नाही. निकाल असा लागला की, रानपिंगळा 'अथेनी'च्या शाखांच्या मधोमध बसतो. त्यास वेगळे काढावयाचे तर अंगणातल्या पिंगळ्याच्या गोत्राचेच तुकडे करावे लागतील. ह्यूमचे 'निराळे घुबड' निराळे नव्हते. पेहरावाने, चालीरीतीने वेगळा पडलेला, पण रक्ताने आपल्या अंगणातल्याच पिंगळ्याचा तो सगोत्र ठरला. दीडशे वर्षांपूर्वी केवळ एक कातडे हाती असता ह्यूमनी जे अनुमान केले त्याबद्दल त्यांस दोष देणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. त्यांनी जे पाहिले ते खरेपणाने लिहिले, आणि म्हणूनच पुढच्यांस ते तपासता आले. चूक आणि लबाडी यांतील अंतर ह्यूम व माइनर्टझागेन यांच्या नमुन्यांत स्वच्छ दिसते.

आंतरराष्ट्रीय यादीत हा पक्षी पूर्वी 'अत्यंत संकटग्रस्त' या वर्गात होता. नवी ठिकाणे सापडल्यामुळे २०१८ साली त्यास एक पायरी खाली, 'संकटग्रस्त' या वर्गात घातले गेले. त्यावरून फार हुरळून जाण्याचे कारण नाही. जगात अडीचशे ते हजार यांच्या दरम्यान प्रौढ पक्षी असावेत, असा त्या यादीचा अंदाज आहे. एखाद्या मध्यम खेड्याची वस्ती याहून मोठी असते! कायद्याने त्यास वाघाच्या बरोबरीने पहिल्या अनुसूचीत संरक्षण आहे. परंतु कायदा रानात उभा राहू शकत नाही. उन्हाळ्यात लागणारे वणवे, सरपणासाठी व शेतीसाठी तुटणारे रान, आणि विशेषतः ढोलीची जुनी झाडे जाणे, हे त्याचे खरे शत्रू होत. ढोल पडण्यास झाडाचे वय व्हावे लागते. गेल्या वर्षी लावलेल्या रोपात पिंगळा अंडी घालीत नाही. त्यात भर म्हणून मांत्रिकांचा उपद्रव आहे, गलोलीने नेम धरणारी पोरे आहेत, आणि दिवसा उघड्यावर बसण्याची त्या बिचाऱ्याची स्वतःची सवयही आहे. रात्रीचे घुबड निदान अंधारात लपते.

मांत्रिकाचा विषय निघाला म्हणून सांगतो. घुबडाचे डोळे, नखे, पिसे यांत काही सामर्थ्य असते असे समजून त्यांस मारणारे केवळ रानातले अडाणी लोकच असतात असे मानण्याची आपल्या शिकलेल्या घरांस सवय आहे. परंतु विकत घेणारा गिऱ्हाईक असल्याशिवाय कोणी माल मारीत नाही, आणि तो गिऱ्हाईक पुष्कळदा शहरातला, चांगल्या कपड्यांतला असतो. अंगणातून पिंगळ्यास उडवणाऱ्या आमच्या वडीलधाऱ्यांनी त्यास कधी इजा केली नाही. नुसते 'हड' म्हणून त्या घरात परतल्या. ती भीती निरुपद्रवी होती.

या दिवाळीच्या सुट्टीत तोरणमाळ किंवा यावलकडील पालला जाणारी पुष्कळ कुटुंबे असतील. घाट चढण्यापूर्वी, सकाळी ऊन वर येत असता, सागाच्या पानगळल्या शेंड्यांकडे मुलांस पाहावयास सांगावे. हाक मारू नये, दगड मारू नये, जवळ जाऊ नये. गाडी थांबवून बसल्या जागेवरून पाहावे. माथा तांदूळ उधळल्यासारखा ठिपक्यांनी भरलेला दिसला तर तो आपला अंगणातलाच. माथा कोरा, पोट पांढरे व पाय दणकट दिसले, तर दिनांक, वेळ व ठिकाण वहीत नीट लिहून ठेवावे, आणि जे दिसले तेवढेच लिहावे.